शाळेच्या गेटसमोरचा रस्ता दिवसातून दोनदा बंद: हे कसं चालतं आणि आपल्याकडं कसं जमेल

दोन सत्रात भरणारी कुठलीबी शाळा घ्या, परभणीतली, नांदेडातली, लातुरातली, जालन्यातली, आणि दुपारी बारा ते साडेबारा तिच्या गेटसमोर नुसतं उभं राहून बघा. सकाळची लेकरं बाहेर यायलीत, दुपारची आत जायलीत, मधी ऑटो उभे, व्हॅन उभ्या, स्कुटीवर आया, बुलेटवर बाप, एखादे आजोबा सायकल धरून भिंतीला टेकलेले, आणि ह्या सगळ्यातून एक मोठी गाडी हॉर्न वाजवत वाट काढायली कारण तिला पण आपलं लेकरू अगदी गेटपाशीच उतरवायचंय. वीस मिनिटांनी तोच रस्ता इतका मोकळा होतो की कुत्रं मधोमध झोपतं. रस्ता अरुंद आहे, शहर वाढलंय, गाड्या वाढल्यात, हे सगळं खरंच आहे, पण रस्ता तर दिवसभर तेवढाच अरुंद असतो ना. तो गोंधळ आपण पालक ठरलेल्या वेळी सोबत घेऊन येतो आणि सोबत घेऊन जातो.

माझी पोरगी दुसरीत आहे. मागच्या वर्षी शाळा सुटल्यावर एक व्हॅन रिव्हर्स घेत होती आणि तिच्या बरोबर मागं एक लेकरू खाली बसून दप्तरातून सांडलेले रंगखडू गोळा करत होतं. व्हॅनवाल्या काकांची चूक म्हणावी तर त्यांना आरशात काही दिसणंच शक्य नव्हतं, दोन्ही बाजूला गाड्या लागलेल्या आणि मागं आणखी एक हॉर्न मारायला. समोरच्या स्टेशनरीवाल्यानं धावत येऊन व्हॅनवर हात आपटला म्हणून ती थांबली. लेकराला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचायलो, लोकांना विचारायलो, आणि जे समजलं ते इथं साध्या भाषेत मांडतोय.

जगात बऱ्याच ठिकाणी ह्याला स्कूल स्ट्रीट म्हणतात. कल्पना एवढीच की शाळा भरायच्या वेळी अर्धा-पाऊण तास आणि सुटायच्या वेळी अर्धा-पाऊण तास शाळेच्या गेटसमोरचा रस्ता, म्हणजे सगळा रस्ता पण नाही, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतचा तुकडा, मोटारगाड्यांना बंद ठेवायचा. चालत येणारे, सायकलवाले, व्हीलचेअरवालं लेकरू, सगळ्यांना मोकळा. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना पास असतो, ते हळू चालवत आत-बाहेर करू शकतात. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस ह्यांना कधीच अडवत नाहीत. ज्या लेकराला चालता येत नाही त्याची गाडी गेटपर्यंत जाते. सुट्टीच्या दिवशी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रस्ता नेहमीसारखा चालू. बाकी सगळ्यांनी कोपऱ्यावर लेकरू उतरवायचं आणि तिथून ते चालत जाणार, शंभर-दोनशे मीटर.

"रस्ता बंद" म्हणलं की लोकांच्या कपाळावर आठ्या येतात, ते समजू शकतो. पण आपल्याला रस्ता बंद असणं नवीन आहे का? तालुक्याच्या गावी आठवडी बाजार भरतो त्या दिवशी बाजाराच्या रस्त्यानं कोणी गाडी घालत नाही. भाजीवाल्या मावश्या पोतं अंथरून रस्त्यावर बसलेल्या असतात, मिरच्यांचे ढीग असतात, आणि मोंढ्याकडं जायचं असलं तर माणूस आपोआप पलीकडच्या गल्लीनं जातो, कारण त्याला माहितीये आज बाजार आहे. लग्नाचा मांडव, गणपती, उरूस, नाथषष्ठीला पैठण, सगळीकडं हेच. आपण जागा देतो कारण त्या वेळेला त्या रस्त्यावर माणसं जास्त महत्त्वाची असतात हे सगळ्यांनी मानलेलं असतं. शाळेसमोर तर रोज दोनदा पाचशे-हजार लेकरं एकदम रस्त्यावर येतात आणि तिथं आपण ते मानत नाही, हे मला फार खटकतं.

आता लेकरांना धोका नेमका कशामुळं, ते जरा खोलात बघू, कारण बरेच जण म्हणतात की शाळेसमोर गाड्या तर मुंगीच्या पावलानं चालतात, मग धोका कसला.

पहिली गोष्ट उंचीची. सहा-सात वर्षांचं लेकरू साधारण ११५ ते १२० सेंटीमीटर. आजकालच्या मोठ्या गाड्यांचं बोनेट जवळपास त्याच्या छातीला-मानेला येतं. ते बोनेटच्या अगदी पुढं उभं असलं तर सीटवर बसलेल्या माणसाला ते दिसतच नाही, त्याची नजर वरून पुढं जाते. आणि दोन उभ्या ऑटोंच्या मधून लेकरू बाहेर आलं तर येणाऱ्या स्कुटीवालीला ते दिसेपर्यंत एक-दोन मीटर पण अंतर उरलेलं नसतं. गेटसमोरचा धोका जास्त करून हाच आहे, न दिसण्याचा. रिव्हर्स घेणं, दार अचानक उघडणं, उभ्या गाडीच्या आडून येणं. वेग कमी असला तरी लेकराचा पाय चाकाखाली यायला वेग लागत नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. आपण मोठी माणसं येणारी गाडी बघून अंदाज बांधतो की ही इतक्या वेळात येईल, तोवर आपण ओलांडू. लहान लेकरांना हे जमत नाही, आणि ते बेशिस्त असतात म्हणून नाही, त्यांचा मेंदू अजून तेवढा तयारच झालेला नसतो. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर ह्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की ताशी ३२ किलोमीटरच्या वर गेलेली गाडी जवळ येतीये हे त्यांच्या डोळ्यांना नीट पकडताच येत नाही. त्यामुळं "बघून ओलांड हं बाळा" हे सांगणं बरोबर असलं तरी पुरेसं नाही, बघून पण त्याला कळणार नाही.

तिसरी गोष्ट वेगाचीच, पण ती गेटपासून थोडं लांब लागू होते, जिथं गर्दी संपते आणि उशीर झालेला माणूस ॲक्सिलेटर पिळतो. ताशी ४० नं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते. ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं, त्यानंतर गाडी थांबायला सुरुवात. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो, २० च्या जागी ४० म्हणजे चारपट, हे शाळेतलंच भौतिकशास्त्र आहे. म्हणून जगभर जिथं माणसं आणि गाड्या मिसळतात तिथं ताशी ३० ची मर्यादा मागतात, २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात तेच म्हणलंय.

देशाचा आकडा पण सांगतो. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यात १८ वर्षांखालची ९,५२८. रोजची सव्वीस लेकरं होतात. ती सगळीच काही शाळेसमोर गेली नाहीत, हायवेवर, गावात, कुठं कुठं गेली. पण जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते २९ ह्या वयात मरणाचं सगळ्यात मोठं कारण रस्ते अपघात आहे, आणि आपण लेकरांना सर्दी झाली तरी दवाखान्यात नेणारी माणसं आहोत, त्यामुळं हा आकडा घराघरात माहिती असायला पाहिजे असं मला वाटतं.

मग धुराचं. लेकरं वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांचं नाक सायलेन्सरच्या जवळ असतं. गेटसमोर इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या ऑटो-व्हॅनच्या रांगेत पंधरा मिनिटं थांबणं म्हणजे काय ते दम्याचं लेकरू असलेल्या आईला विचारा.

आता ह्यातली सगळ्यात अवघड गाठ. कुठल्याबी पालकाला विचारा, काहून गाडीवर सोडता? ते म्हणतील, बाहेर किती गाड्या असतात, लेकराला एकटं कसं पाठवायचं. म्हणजे गाड्यांच्या भीतीनं आपण आणखी एक गाडी काढतो. शेजारचा आपली गाडी बघून त्याच्या लेकराला पण गाडीवर न्यायला लागतो. दहा वर्षांपूर्वी जी लेकरं गल्लीतल्या मोठ्या ताईच्या मागं रांगेनं चालत जायची ती आता अर्ध्या किलोमीटरसाठी पण स्कुटीवर. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असं धरलंय, म्हणजे चालत आणि सायकलवर जाता येईल हाच त्यामागचा हिशोब. ही गाठ एकट्या पालकाला सोडवता येत नाही. मी उद्या माझी गाडी बंद केली तर माझी पोरगी फक्त बाकीच्यांच्या गाड्यांमधून चालत जाईल. सगळ्यांनी एकाच दिवशी, एकाच वेळेला, एकाच रस्त्यावर थांबवलं तरच ती सुटते, आणि स्कूल स्ट्रीट म्हणजे नेमकं तेच ठरवून करणं.

जागेचा हिशोब पण करून बघा, मी वहीत मांडला होता. एका गाडीला पुढं-मागं जागा धरून सहा मीटर लागतात. चाळीस गाड्या आल्या म्हणजे २४० मीटरची रांग. त्या चाळीस गाड्यातून उतरणारी चाळीस लेकरं दोन-दोनच्या जोडीनं चालली तर वीस मीटरात मावतात. २४० आणि वीस. आणि दोनशे मीटर चालायला लेकराला चार मिनिटं लागतात, जेवढा वेळ आपण गेटसमोर यू टर्न मारायला घालवतो त्यापेक्षा कमीच.

ह्याची सुरुवात इटलीच्या उत्तरेकडच्या बोल्झानो नावाच्या शहरात १९८९ च्या सुमारास झाली असं सांगतात. त्याच्याही आधी १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये आई-बाप रस्त्यावर उतरले होते, तिथं १९७१ साली एका वर्षात रस्त्यावर सव्वातीन हजारांच्या आसपास माणसं मेली होती आणि त्यात चारशेच्या वर लेकरं होती. आज सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचे फोटो बघतो तो देश तेव्हा गाड्यांनी भरलेलाच होता, पालकांनी "लेकरांचे खून थांबवा" म्हणून मोर्चे काढले, रस्त्यात टेबलं टाकून जेवायला बसले, तिथून ते बदलायला लागलं. नंतर बेल्जियमच्या घेंट शहरात, स्कॉटलंडमध्ये, व्हिएन्नात हे पसरलं, ऑस्ट्रियानं तर २०२२ मध्ये वाहतुकीच्या कायद्यातच शाळेच्या रस्त्याची वेगळी तरतूद केली. लंडनमध्ये आता असे पाचशेच्या वर रस्ते आहेत.

लंडनचं मोजमाप उपयोगाचं आहे म्हणून ते सांगतो. तिथं १८ प्राथमिक शाळांजवळ यंत्रं बसवून हवा मोजली, २०२१ मध्ये निकाल आला. सकाळी लेकरं सोडायच्या वेळेला नायट्रोजन डायऑक्साइड हा गाड्यांच्या धुरातला वायू २३ टक्क्यांपर्यंत कमी झाला होता. पालकांना विचारलं तर ८१ टक्के म्हणाले की हे आमच्या शाळेला योग्य आहे, आणि १८ टक्क्यांनी सांगितलं की आम्ही आता गाडी आधीपेक्षा कमी काढतो. हा १८ चा आकडा मला प्रामाणिक वाटतो. सगळे काही रातोरात चालायला लागले नाहीत, पण शंभरातले अठरा जरी बदलले तरी गेटसमोर फरक दिसतो.

पॅरिसनं जरा पुढचं केलंय. २०२० पासून त्यांनी शाळांसमोरचे दोनशेच्या वर रस्ते बंद केले, त्यातले कितीतरी दिवसभरासाठी, कायमचे. डांबर उकरून झाडं लावली, बाकडी टाकली. मार्च २०२५ मध्ये आणखी ५०० रस्ते माणसांसाठी मोकळे करायचे का असं शहरानं मतदान घेतलं, जवळपास ६६ टक्के मतं हो म्हणून पडली, मतदानाला आलेली माणसं मात्र फार थोडी होती हे पण सांगायला पाहिजे.

आपल्या देशात गेटसमोरचा रस्ता वेळेपुरता पूर्ण बंद करणं अजून रुजलेलं नाही, पण जवळचे प्रयत्न झालेत. मुंबईत भायखळ्याला मिर्झा गालिब मार्गावर शाळेसमोर रंग आणि ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन वापरून लेकरांना थांबायला, चालायला आणि ओलांडायला वेगळी जागा करून बघितली होती, खर्च फार नव्हता. आणि आपल्या मराठवाड्याचं सांगायचं तर केंद्राच्या स्ट्रीट्स फॉर पीपल, म्हणजे माणसांसाठी रस्ते, ह्या शहरांच्या स्पर्धेत २०२२ साली जी ११ शहरं निवडली गेली त्यात औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर होतं. बावन्न दरवाजांचं ते शहर, जुन्या भागातले रस्ते मुळात चालणाऱ्यांसाठीच बांधलेले. म्हणजे महापालिकेच्या पातळीवर हा विचार आपल्याकडं पोचलेला आहे, फक्त शाळेच्या गेटपर्यंत अजून आलेला नाही.

"मग ती वाहतूक जाणार कुठं? पुढच्या चौकात तुंबेल." हा प्रश्न मला प्रत्येकानं विचारला, माझ्या सख्ख्या भावानं पण. ह्याचं उत्तर दोन ठिकाणी शोधलेलं आहे. एडिंबरा नेपियर विद्यापीठानं २०२० मध्ये वेगवेगळ्या देशातले शाळेच्या रस्त्यांचे अभ्यास एकत्र करून तपासले, तर आजूबाजूच्या रस्त्यांवर सुरक्षिततेचा काही मोठा प्रश्न उभा राहिलेला दिसला नाही. आणि त्याच्या आधी सॅली केर्न्स, फिल गुडविन वगैरे संशोधकांनी ११ देशातली ७० उदाहरणं घेतली होती जिथं गाड्यांसाठीची जागा कमी केली, तिथं निम्म्या ठिकाणी एकूण वाहतूक ११ टक्के किंवा त्याहून जास्त घटली, म्हणजे काही गाड्या दुसऱ्या रस्त्याला गेल्या आणि काही निघाल्याच नाहीत. ऐकायला विचित्र वाटतं पण गाडी म्हणजे पाणी नाही की इकडं अडवलं तर तिकडून तेवढंच बाहेर येईल. माणूस विचार करतो, वेळ बदलतो, शेजाऱ्याच्या लेकरासोबत पाठवतो, चालत जातो. आणि शाळेसमोरच्या बऱ्याच गाड्या तिथं शाळेसाठीच आलेल्या असतात, पुढं कुठं चाललेल्या नसतात.

तरी पहिले आठ-दहा दिवस कोपऱ्यावर गर्दी होणार, हे आधीच मान्य करून चाला. कोपऱ्याची जागा नीट निवडली नाही तर गोंधळ गेटवरून उचलून कोपऱ्यावर ठेवल्यासारखं होईल. म्हणून एकच कोपरा ठरवू नका. एखादं मंगल कार्यालयाचं मोकळं पटांगण, मंदिराची किंवा मशिदीची मोकळी जागा, बंद पडलेल्या जिनिंगचं आवार, अशा दोन-तीन जागा वेगवेगळ्या दिशांना बघा, त्यांच्या मालकांना जाऊन भेटा, सकाळी साडेसातला ह्या जागा रिकाम्याच असतात. दोन सत्रांच्या मधी वीस मिनिटांचा फरक ठेवायला शाळेला विनंती करा, आणि लहान वर्ग दहा मिनिटं आधी सोडायला सांगा. नुसत्या ह्या एका गोष्टीनं पण अर्धी गर्दी सैल होते, तिला कोणाची परवानगी पण लागत नाही.

आपल्याकडं ह्यात काही गोष्टी वेगळ्या आहेत, त्या तिकडच्या पुस्तकात सापडणार नाहीत.

तिकडं प्रश्न चारचाकीचा आहे. आपल्याकडं दोनचाकी आणि ऑटो. त्यामुळं "फक्त कार बंद" असं केलं तर काहीच बदलणार नाही, बंद करायचं तर इंजिनवालं सगळंच, स्कुटी पण. लोक म्हणतील स्कुटी काय एवढीशी, जाऊ द्या की. एक सोडली की चाळीस घुसतात, त्यामुळं ह्यात ढिलाई नको.

ऑटोवाल्या भावांना आणि व्हॅनवाल्या काकांना विरोधक समजून सुरुवात केली तर योजना पहिल्याच आठवड्यात मोडेल. एका ऑटोत सात-आठ लेकरं येतात हे नियमाच्या बाहेर असेल, त्यावर वेगळं बोलू, पण ती सात-आठ लेकरं सात-आठ स्कुट्यांवर आली तर आणखी वाईट. त्यांचं म्हणणं साधं असतं, उभं राहायला पक्की जागा द्या आणि लेकरं एका ठिकाणी जमा करून द्या, आम्हाला पण गेटसमोर अर्धा तास अडकून राहायचं नाही, पुढचं भाडं बुडतं. कोपऱ्यावर त्यांच्यासाठी आखलेली जागा, सावलीला पत्र्याचं शेड आणि शाळेची एक बाई लेकरं मोजून ताब्यात देणार, एवढं केलं तर तेच ह्या योजनेचे सगळ्यात पक्के साथीदार होतील. खेड्यावरून सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं येणाऱ्या मुलींचा थांबा पण ह्याच नकाशात धरा, त्या मुली बऱ्याचदा मेन रोडला उतरून गर्दीतून चालत येतात आणि त्यांचा विचार कुठल्याच बैठकीत होत नाही.

मग ऊस. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की आपल्या निम्म्या गावातून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, आणि शाळेच्या वेळेलाच जातात कारण त्यांना वेळेचं बंधनच नाही. त्या ट्रॉलीला ब्रेक लावला तरी ती लगेच थांबत नाही, मागचं ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. शाळा अशा रस्त्यावर असेल तर तो रस्ता तुम्ही बंद करू शकणार नाही, राज्य महामार्ग किंवा गावाचा एकुलता एक मुख्य रस्ता कोणी बंद करू देणार पण नाही. अशा शाळांनी दुसरं बघावं, मागच्या गल्लीत गेट काढता येतं का ते. कितीतरी शाळांना मागून वाट असते पण भिंत घालून बंद केलेली असते. मागचं गेट उघडून ती गल्ली बंद करणं सोपं. आणि कारखान्याकडं, पोलिसांकडं शाळेच्या दोन वेळांना ट्रॉल्या गावाबाहेर थांबवायची मागणी करता येते, त्याला तर एका माणसाची शिट्टी पुरते.

आणि ऊन. एप्रिलमध्ये दोनशे मीटर चालायचं म्हणलं की आई-आजीचा जीव वर-खाली होतो, साहजिक आहे. पण त्या दिवसात शाळा सकाळचीच असते, सुटायची वेळ तेवढी सांभाळायची. मंडपवाल्याकडून हिरवी शेडनेट घेऊन रस्त्यावर आडवी बांधा, बाजारात भाजीवाले बांधतात तशी, आणि मधी एक रांजण. पुढं-मागं कडुनिंबं लावली तर पाच-सहा वर्षात शेडनेट पण लागणार नाही.

कायदा काय म्हणतो, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि फारसं कोणाला माहिती नाही. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ११५. त्यात लिहिलंय की लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा सोयीसाठी राज्य सरकार, किंवा सरकारनं ज्याला अधिकार दिलाय तो अधिकारी, एखाद्या भागात किंवा एखाद्या रस्त्यावर गाड्यांना बंदी घालू शकतो, ठरावीक गाड्यांना, ठरावीक काळासाठी. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. पण त्याच कलमात पुढं आहे की बंदी एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर लोकांना नीट कळेल अशी प्रसिद्धी दिली की झालं. म्हणजे महिनाभर करून बघायला कायद्यानंच सोपी वाट ठेवलीये. मिरवणुकीच्या दिवशी पेपरात "वाहतूक मार्गात बदल" म्हणून जे आदेश छापून येतात ते काढायची पद्धत प्रशासनाला रोजची आहे, आयुक्तालय असेल तिथं पोलीस आयुक्त आणि बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक ह्यांच्याकडून ते निघतात. तुमच्या मनानं दोरी बांधून रस्ता अडवू नका, तो गुन्हा होईल आणि चांगल्या कामाला नाट लागेल.

कोणाला धरायचं तर दोन समित्या आधीच कागदावर आहेत. स्कूल बसच्या २०११ च्या राज्याच्या नियमांप्रमाणं प्रत्येक शाळेत परिवहन समिती पाहिजे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी, त्या भागातले पोलीस निरीक्षक, आरटीओचे निरीक्षक असे सगळे तिच्यात. म्हणजे जी माणसं हा निर्णय घेऊ शकतात ती एका टेबलाभोवती बसायची सोय आधीच केलेली आहे, तुमच्या शाळेत तिची शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. आणि झेडपीच्या, मनपाच्या, अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात ७५ टक्के पालकच असतात आणि निम्म्या बायका. तिचा ठराव मुख्याध्यापकांच्या पत्रापेक्षा जास्त वजनाचा असतो, कारण "पालकांचा विरोध होईल" हे साहेबांचं पहिलं वाक्य त्या ठरावापुढं टिकत नाही.

जाता जाता एक, आठवी-नववीची लेकरं स्वतः स्कुटी घेऊन शाळेला, क्लासला येतात ते पण ह्याच गर्दीचा भाग आहे, लातूरच्या क्लासेसच्या भागात संध्याकाळी बघा. २०१९ पासून कायद्यात कलम १९९अ आहे, अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि २५,००० रुपये दंड. हे पालक सभेत एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे.

अर्ज करायच्या आधी एक आठवडा मोजणी करा. चार पालक, चार वह्या. कुठल्या वेळेला किती दोनचाकी, किती ऑटो, किती व्हॅन, किती चारचाकी, किती लेकरं चालत, आणि गाडीवर येणाऱ्यांना विचारा की घर किती लांब आहे. बऱ्याच शाळांत हे ऐकून पालकच गप्प होतील, कारण अर्ध्याहून जास्त लेकरं लांबून येतात असं आपल्याला वाटतं, पण तसं असेलच असं नाही. ही वही जवळ असली की बैठकीत आवाज चढवायची गरज पडत नाही, आणि महिना संपल्यावर तीच मोजणी परत केली की फरक पडला की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल. फरक नाही पडला तर तसं सांगा आणि बंद करा, लपवू नका.

त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना अर्जाच्या आधी भेटा, अर्ज दिल्यावर नाही. त्यांच्या मालाची गाडी कधी येते ते विचारून वेळा ठरवा. चालत जाणारी आई स्टेशनरीच्या दुकानात थांबते, स्कुटीवरची थांबत नाही, हे त्यांनाच जास्त माहिती असतं. घरोघरी जाऊन पास द्या, त्यात कोणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे, कोणाची डायलिसिसची पाळी असते, ते लिहून घ्या आणि कोपऱ्यावर उभं राहणाऱ्याच्या हातात ती यादी ठेवा.

कोपऱ्यावर कोण उभं राहणार हे नावानिशी ठरलं नसेल तर सुरूच करू नका. पोलीस रोज देता येणार नाही, त्यांच्याकडं माणसंच कमी असतात. पहिले पंधरा दिवस एक होमगार्ड मागा आणि त्याच्यासोबत प्रत्येक बाजूला दोन पालक, आठवड्यातून एक दिवस एकाची पाळी, म्हणजे सहा दिवसांच्या शाळेला दोन्ही वेळा आणि दोन्ही बाजू धरून अठ्ठेचाळीस पाळ्या होतात. हजार लेकरांच्या शाळेत अठ्ठेचाळीस माणसं मिळतात. आमच्याकडं पहिल्या बैठकीत एकवीस नावं आली, त्यातली तेरा आज्या आणि आजोबा.

अर्जात हे लिहा: कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या तारखेपासून एक महिना, सूट कोणाकोणाला, ऑटो कुठं थांबणार, पर्यायी रस्ता कोणता. सोबत हातानं काढलेला नकाशा, समितीचा ठराव आणि मोजणीची वही झेरॉक्स करून. एक प्रत शहर वाहतूक शाखेला, एक मनपा किंवा नगरपालिकेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि तिन्ही ठिकाणी पोच घ्या. शाळा जूनच्या मध्याला उघडते, त्यामुळं अर्ज एप्रिलमध्येच गेला पाहिजे.